सगळे हार्मोन्समुळेच असते का?

प्रश्न : माझे वय ४८ वर्षे आहे. मला तेरा वर्षांची जुळी मुले आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीची पाळी गेल्या वर्षी सुरू झाली आणि तेव्हापासून ती आता हसत असते, तर पाच मिनिटांत दार आपटून खोलीत गेलेली असते. मुलगा अजून लहानच दिसतो, त्याचा आवाजही फुटलेला नाही. घरात काही करपले की सगळ्यांत आधी त्यालाच वास येतो आणि तो मला सांगायला धावतो. माझी स्वतःची पाळी अनियमित झाली आहे, पहाटे तीन वाजता घामाने जाग येते आणि बोलता बोलता नेहमीचे शब्द आठवत नाहीत. आमच्यापैकी कुणी काही बोलले की यजमान म्हणतात, "हे सगळे हार्मोन्समुळे", आणि विषय तिथेच संपतो. जाऊबाईंचे मत असे, की मुलगी पोटात भावाशेजारी वाढली म्हणून ती इतकी तापट निघाली. आम्हा तिघांच्या हार्मोन्सच्या तपासण्या एकदाच करून घ्याव्यात का? आणि खरोखरच सगळे हार्मोन्समुळे असते का?

उत्तर : तुमच्या यजमानांचे वाक्य अर्धे बरोबर आहे, आणि म्हणूनच ते जास्त त्रासदायक आहे. लैंगिक संप्रेरके मेंदूवर परिणाम करतात हे शंभर टक्के खरे. पण ती तुमच्यावर, तुमच्या मुलीवर आणि तुमच्या मुलावर आज जे करत आहेत ते एकच नाही, आणि त्यांपैकी कोणतीही गोष्ट समोरच्या माणसाचे म्हणणे न ऐकण्याचे कारण होऊ शकत नाही. मुलीने दार आपटले त्याचा जोर कदाचित संप्रेरकांनी वाढवला असेल, परंतु तिला राग कशाचा आला हे संप्रेरकांना माहीत नसते.

आधी ही द्रव्ये काम कशी करतात ते पाहू. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन हे चरबीत सहज विरघळणारे छोटे रेणू आहेत, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो पडदा बहुतेक पदार्थांना अडवतो, तो ते सहज ओलांडतात. मेंदूत त्यांचे ग्राही, म्हणजे त्यांना ओळखणारे रिसेप्टर, सगळीकडे सारखे नसतात. शरीरातील संप्रेरकांचा कारभार पाहणारा हायपोथॅलॅमस, भीती आणि राग हाताळणारा अमिग्डाला आणि स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागांत ते विशेष आढळतात. संप्रेरक ग्राहीला चिकटले की ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुके चालू करते, काही बंद करते, आणि त्यामुळे पेशीचे वागणे काही तासांत किंवा दिवसांत बदलते. याखेरीज पेशीच्या आवरणावरून मिनिटांत होणारे परिणामही आहेत. हे किती बारीक पातळीवर घडते याचे एक उदाहरण मला नेहमी थक्क करते. १९९० साली कॅथरीन वूली, ब्रूस मॅक्यूएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर-मादीच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींवरचे सूक्ष्म काटे मोजले. हे काटे म्हणजे दुसऱ्या पेशींकडून निरोप घेण्याच्या जागा असतात. मादीच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात त्यांची दाटी वरखाली होत होती, आणि चक्रातल्या एका टप्प्यावर चोवीस तासांच्या आत जवळजवळ तीस टक्क्यांचा फरक पडत होता. प्रौढ मेंदू एकदा घडला की घडला, ही समजूत तेव्हा बरीच पक्की होती.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे वेळ. तेच संप्रेरक गर्भात एक काम करते आणि पुढे मोठेपणी दुसरेच. हे प्रथम स्पष्टपणे मांडले गेले ते १९५९ साली, अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात. फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग या चौघांनी गाभण गिनिपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या पोटी जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर मादीसारखे समागम-वर्तन फारसे दाखवीनात आणि नरासारखे वर्तन अधिक दाखवू लागल्या. पूर्ण वाढलेल्या मादीला तेच संप्रेरक टोचले, तर असा कायमचा बदल होत नसे. तेव्हापासून अभ्यासक दोन प्रकारचे परिणाम वेगळे मानतात : लहानपणी होणारी घडण, जी बरीचशी टिकते, आणि मोठेपणी होणारी चालना, जी संप्रेरक असेपर्यंत असते आणि ते ओसरले की ओसरते. ही रेघ आज तेव्हाइतकी ठळक राहिलेली नाही, कारण वयात येण्याचा काळही घडणीचाच असल्याचे दिसून आले आहे; तरीही तुमच्या घरातील तिघांना वेगळे समजून घ्यायला ती अजून उपयोगी पडते.

माणसाच्या बाबतीत मुलाच्या गर्भातील वृषणे साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात, ते गर्भारपणाच्या मधल्या काळात भरपूर असते, मग घटते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा एकदा वर चढते. या दुसऱ्या चढाला डॉक्टर मिनी-प्युबर्टी म्हणतात आणि ती बहुतेक आईवडिलांच्या लक्षातही येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाने या संप्रेरकाची भरती दोनदा पाहिलेली आहे, आणि आता ज्याची वाट पाहिली जात आहे ती तिसरी.

येथे निसर्गाने एक गंमत केली आहे. उंदराच्या पिल्लात टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरले की अरोमॅटेज नावाचे विकर त्याचे इस्ट्रोजेन बनवते, आणि नर उंदराचा मेंदू नरासारखा घडवण्याचे बरेचसे काम हे तथाकथित 'बायकी' संप्रेरकच करते. रॉजर गोर्स्की यांच्या गटाने १९७८ साली उंदराच्या हायपोथॅलॅमसमधील पेशींचा एक पुंजका नरात मादीपेक्षा कितीतरी पट मोठा असल्याचे दाखवले. पुढे कळले की तो मोठा राहतो कारण इस्ट्रोजेनमुळे तेथील पेशी मरायच्या थांबतात. मादी-पिल्ले आईच्या इस्ट्रोजेनपासून वाचतात ती रक्तातील एका प्रथिनामुळे, जे त्याला धरून ठेवते. माणसात मात्र हा वळसा तितका महत्त्वाचा दिसत नाही. काही व्यक्तींची गुणसूत्रे एक्स-वाय असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर बनते, त्याचे इस्ट्रोजेनही होते, परंतु टेस्टोस्टेरॉनचा ग्राहीच काम करत नाही; अशा बहुतेक व्यक्ती स्त्री म्हणून वाढतात आणि स्वतःला स्त्रीच मानतात. उंदरावरून माणसावर उडी मारताना म्हणूनच जपून राहावे लागते.

आणि नेमकी तीच उडी तुमच्या जाऊबाईंनी मारली आहे. त्यांच्या म्हणण्याला आधार अजिबात नाही असे नाही. उंदरांच्या एका वेतात अनेक पिल्ले गर्भाशयात ओळीने असतात, आणि दोन भावांच्या मध्ये वाढलेली मादी मोठेपणी अधिक आक्रमक असल्याचे फ्रेडरिक व्होम साल यांनी दाखवले आहे. माणसाच्या जुळ्यांमध्ये मात्र भावाचे टेस्टोस्टेरॉन बहिणीपर्यंत पोहोचून तिचा स्वभाव बदलतो का, याचा शोध अनेकांनी घेतला आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत; जिथे फरक दिसला तिथेही तो लहान आहे, आणि जुळा भाऊ असलेली मुलगी त्या भावाबरोबर खेळतही वाढते ही साधी गोष्ट त्यातून वेगळी काढणे कठीण जाते. याच्याशी ताडून पाहण्यासारखे दुसरे उदाहरण जन्मजात अ‍ॅड्रिनल विकाराचे आहे. त्यात मुलीच्या स्वतःच्याच ग्रंथी गर्भात खूप जास्त पुरुषी संप्रेरके बनवतात. या मुली सरासरीने मुलांची मानली जाणारी खेळणी अधिक निवडतात, हे अनेकदा तपासून पाहिलेले आहे. तरीही त्यांतील बहुसंख्य मुली स्वतःला मुलगीच मानतात. इतक्या मोठ्या मात्रेचा परिणाम एवढा असेल, तर शेजारच्या पिशवीतून झिरपलेल्या अंशाला तेराव्या वर्षीच्या रागाचे श्रेय देणे फारच झाले. जाऊबाईंना हे समजावून सांगायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

याच ओघात 'मुलाचा मेंदू' आणि 'मुलीचा मेंदू' यांविषयीही एक सांगून ठेवतो. सरासरी फरक आहेत. पुरुषाचा मेंदू आकारमानाने सरासरी सुमारे दहा टक्के मोठा असतो, आणि वाढीचे काही टप्पे मुली एक-दोन वर्षे आधी गाठतात. परंतु डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा सगळी वैशिष्ट्ये एकाच बाजूची असलेला मेंदू क्वचितच सापडला. बहुतेकांचे मिश्रणच होते. तुमची जुळी आज इतकी वेगळी वाटतात, त्यातला मोठा वाटा त्यांच्या वाढीच्या घड्याळांचा आहे. मुलगी पुढे गेली आहे, मुलगा अजून उंबरठ्याच्या अलीकडे आहे.

वयात येण्याची सुरुवात अंडाशयात किंवा वृषणात होत नाही, ती मेंदूत होते. हायपोथॅलॅमसमध्ये फार थोड्या, एक ते दोन हजारांच्या घरातल्या, चेतापेशी असतात, ज्या जीएनआरएच नावाचे संप्रेरक ठेक्याने सोडतात. बालपणी हा ठेका दबलेला असतो. मग किसपेप्टिन नावाच्या द्रव्याने त्यांना जाग येते. हे द्रव्य किती मोलाचे आहे ते २००३ साली लक्षात आले, कारण त्याचा ग्राही बिघडलेल्या काही कुटुंबांतील व्यक्ती आपोआप वयातच येत नव्हत्या. हा ठेका प्रथम रात्री, झोपेत सुरू होतो, म्हणजे दिवसा काहीच दिसत नसताना काम चालू झालेले असते. त्यानंतर अंडाशय इस्ट्रोजेन बनवू लागते आणि ते उलट मेंदूवर काम करते : भावनांची आणि बक्षिसाची यंत्रणा तीव्र होते, चारचौघांत आपण कसे दिसतो याची जाणीव टोकदार होते, आणि झोपेचे घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकते. आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत हळूहळू पक्का होत राहतो. रात्री उशिरापर्यंत झोप न येणाऱ्या आणि सकाळी शाळेसाठी लवकर उठवल्या जाणाऱ्या मुलीच्या दार आपटण्यात अपुऱ्या झोपेचा वाटा किती, हे मी असतो तर आधी तपासले असते.

मुलीचे बिनसले की 'पाळी जवळ आली असेल' असे म्हणण्याचा मोह घरोघरी होतो. तिच्या वयात तो हिशेब बहुधा चुकतोच, कारण पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-एक वर्षे अनेक चक्रांत बीज बाहेर पडतच नाही, आणि बीज बाहेर पडले नाही तर पाळीआधी प्रोजेस्टेरॉनची जी चढउतार होते तीही नसते. प्रौढ स्त्रियांमध्येही हे प्रकरण वाटते तितके सरळ नाही. १९९८ साली पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या आणि मुळीच त्रास न होणाऱ्या स्त्रियांची तुलना केली. औषधाने अंडाशयाचे काम थांबवल्यावर त्रास असलेल्यांपैकी अनेकींना बरे वाटले. मग दोन्ही गटांना सारख्याच मात्रेत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिले, तेव्हा ज्यांना पूर्वी त्रास होता त्यांनाच तो पुन्हा झाला. रक्तातील संप्रेरक सारखे, मेंदूची संवेदनक्षमता वेगळी. तपासणीच्या कागदावर जो आकडा येतो तो या संवेदनक्षमतेबद्दल काही सांगत नाही, आणि तुमच्या तपासण्यांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर यातच आहे.

आता तुमच्याकडे येतो. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिले आहे आणि उरलेले सगळे मुलांबद्दल. माझ्या मते आज वैद्यकीय मदतीचा सर्वाधिक उपयोग तुम्हालाच होईल. ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या वर्षांत इस्ट्रोजेन शिस्तीत कमी होत जाते असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात ते हेलकावे खाते. एका महिन्यात तरुणपणीपेक्षाही वर जाते, पुढच्या महिन्यात तळाला असते. मेंदूला कमतरतेपेक्षा हा हेलकावाच अधिक जड जातो. पहाटेच्या घामाचे मूळही मेंदूत आहे. हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशींना इस्ट्रोजेन एरवी लगाम घालून असते. तो लगाम ढिला झाला की त्या अतिउत्तेजित होतात आणि शेजारच्या तापमान-नियंत्रणाला चुकीचा इशारा देतात, त्यामुळे शरीर तापलेले नसतानाही ते उष्णता बाहेर टाकू लागते. याच पेशींचा निरोप अडवणारे फेझोलिनेटंट हे संप्रेरक नसलेले औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

शब्द न आठवण्याची भीती मी समजू शकतो, विशेषतः घरात कुणाला स्मृतिभ्रंश झालेला पाहिला असेल तर. या काळात शब्द चटकन न सुचणे आणि नवीन गोष्ट लक्षात राहायला वेळ लागणे हे अनेक स्त्रियांच्या चाचण्यांतही दिसून आले आहे, आणि ऋतुनिवृत्ती पार पडल्यावर बहुतेकींत ते सुधारते. रोज पहाटे तीनला मोडणारी झोप त्यात भर घालते, म्हणून आधी झोप सावरणे योग्य. घाम आणि झोपमोड यांसाठी इस्ट्रोजेनचे उपचार सर्वांत परिणामकारक आहेत, आणि साठीच्या आतल्या, निरोगी, पाळी जाण्याच्या आसपासच्या स्त्रीसाठी त्यांचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर गणित बदलते. मात्र स्मरणशक्ती टिकावी म्हणून ते घेऊ नयेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, पासष्टी ओलांडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) एकत्र सुरू केलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले होते. येथेही प्रश्न वयाचाच आहे : तेच द्रव्य, वेगळी वेळ, वेगळा परिणाम.

यजमानांनाही या चर्चेतून सोडू नये. त्यांच्या टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असते, चाळिशीनंतर ती सावकाश उतरत जाते, आणि त्यातला काही भाग त्यांच्याही शरीरात इस्ट्रोजेन होतो, जे पुरुषाच्या कामेच्छेलाही लागते. २०१० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला एक प्रयोग त्यांना अवश्य सांगा. शंभराहून अधिक स्त्रियांना पैसे वाटून घेण्याचा एक खेळ दिला होता. काहींना आधी टेस्टोस्टेरॉन दिले, काहींना नुसतीच बनावट मात्रा. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळाले होते त्यांनी समोरच्याला अधिक न्याय्य वाटा देऊ केला. आणि आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले आहे अशी ज्यांची समजूत होती, मग ते मिळालेले असो वा नसो, त्या अधिक कंजूषपणे वागल्या. 'हार्मोन्समुळे' हे वाक्य घरात रोज ऐकू येत असेल तर त्याचाही परिणाम होत असतो, तो असा.

तपासण्यांविषयी थेट सांगतो. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित होऊन घाम येत असेल, तर निदानासाठी संप्रेरकांची रक्ततपासणी सहसा लागत नाही, कारण आजचा आकडा पुढच्या आठवड्यात खरा राहत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासणे मात्र योग्य, कारण त्यांचा बिघाड अगदी अशीच लक्षणे दाखवतो. रक्तस्राव फार होत असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. मुलीला तपासणीची गरज नाही. तिची इच्छा असेल तर तिने तीन महिने एका वहीत रोज झोपेचे तास, पाळीचे दिवस आणि मनःस्थिती एका शब्दात लिहावी. वही तिचीच राहील आणि ती कुणीही उघडणार नाही, हे आधी ठरवून टाका. दोन आठवड्यांहून अधिक काळ सलग उदासी, खाणे तुटणे किंवा जिवाला अपाय करून घेण्याची भाषा दिसली, तर मात्र वहीची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

राहिला मुलगा. मुलांमध्ये वयात येण्याचे पहिले चिन्ह आवाज फुटणे नसून वृषणांचा आकार वाढणे हे असते, आणि ते चौदाव्या वर्षापर्यंत दिसले नाही तरच तपासणीचा विचार केला जातो. त्याला अजून अवकाश आहे. वडिलांना किंवा मामाला उशिरा मिसरूड फुटली होती का, एवढे विचारून ठेवा. उशिराची एक दुर्मीळ कारणपरंपरा अशी, की ज्या जीएनआरएच पेशींचा उल्लेख वर केला त्या गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि गंधाच्या तंतूंच्या आधाराने मेंदूत चालत जातात. तो प्रवास अडला तर मूल वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही. तुमच्या घरात काही करपले की पहिला वास त्यालाच येतो, हे तुम्ही सहज लिहून गेलात, आणि पत्र वाचताना त्याच्याबद्दलची माझी अर्धी शंका त्याच ओळीवर मिटली.